अकरावा फॉर्म

१९ जुलै २०२२ रोजी, मंगळवारी, सकाळी अकराच्या सुमारास सादिकभाईंनी आमच्या पतसंस्थेच्या काउंटरवर ४१,६०० रुपये ठेवले आणि मला मोजायला सांगितले. दोनशेच्या नोटा पुष्कळ होत्या. मी दोनदा मोजल्या. मग आम्ही दोघे समोरच्या बँकेत गेलो आणि नागपूरच्या एका प्रकाशकाच्या खात्यात ती रक्कम भरली. पावती त्यांनी चार घड्या घालून टोपीच्या आत ठेवली. शर्टाच्या खिशाचा त्यांना भरवसा नव्हता, कारण खिशात कायम पंक्चरच्या चकत्या आणि सोल्युशनची ट्यूब असे.

मी धानोऱ्याला लेखापाल म्हणून २००९ साली आलो. येत्या मार्चअखेर निवृत्त होईन. सादिकभाईंचे सायकल दुरुस्तीचे दुकान पतसंस्थेच्या भिंतीला लागूनच आहे. ते आमचे दैनिक ठेवीदार, रोजचे वीस रुपये. पण तालुक्यात त्यांना कोणी सायकलवाला म्हणत नाही. सगळे त्यांना मुन्शी म्हणतात. १९८८ ते २०१२ असे पंचवीस हंगाम ते कोसमटोल्याच्या तेंदू फडावर मुन्शी होते.

बाहेरच्या वाचकासाठी थोडे सांगावे लागेल. मे महिन्यात दहा-पंधरा दिवस तेंदूची, म्हणजे विडीची, पाने तोडतात. घरी सत्तर सत्तर पानांचे पुडे बांधतात आणि दुपार कलली की ते फडावर आणतात. फड म्हणजे गावाबाहेरचे मोकळे मैदान. तिथे पुडे शंभराच्या ओळीत मांडायचे. मुन्शीने मोजायचे आणि कार्डावर चढवायचे. ठेकेदाराच्या काळात कार्ड घरच्या पुरुषाच्या नावाने असे. पाने तोडायला पहाटे जंगलात जाणाऱ्या बहुतेक बाया असत, आणि त्यांची नावे कुठल्याच कागदावर येत नसत. आणखी एक रीत होती. शंभर पुड्यांमागे पाच पुडे जादा ठेवून घ्यायचे. फाटकी, डागी पाने निघतात म्हणून. निघोत न निघोत, पाच घ्यायचे. हे पाच पुडे कार्डावर चढत नसत.

२०१३ पासून कोसमटोल्याची ग्रामसभा स्वतःच पाने विकू लागली. ठेकेदार गेला आणि मुन्शीचे कामही गेले. त्या वर्षी मे महिन्यात सादिकभाई दुकानात रिकामे बसून होते. मी विचारले, काय लिहिता? ते म्हणाले, हिसाब. फडाच्या जुन्या रजिस्टरांची कोरी पाने उरली होती, त्यांवर ते लिहीत होते. अक्षर मुन्शीचे, एकसारखे, ओळ न सोडता. उर्दू शाळेत चौथीपर्यंत आणि पुढे मराठी शाळेत नववीपर्यंत त्यांचे शिक्षण. लिहिणे मात्र पूर्ण मराठीत.

दोन वर्षांत २१२ पाने झाली. फडाची पहाट, पावसाने भिजलेली पाने, अस्वलाने फाडलेला माणूस, ठेकेदाराची जीप, सगळे त्यात होते. मी वाणिज्य शाखेचा, साहित्यातले मला फारसे कळत नाही, पण ते मी एका बैठकीत वाचून काढले. शेवटचे प्रकरण निराळे होते. त्यात त्यांनी लिहिले होते की शेकड्यामागचे पाच पुडे पंचवीस वर्षे मी माझ्या हाताने बाजूला केले, पानेवाल्या बायांनी पाहिले आणि त्या बोलल्या नाहीत, मला माहीत होते की त्यांना माहीत आहे. पुढे ९३ बायांची नावे, आणि प्रत्येकीच्या नावापुढे तिच्याकडून असे किती पुडे गेले त्याचा आकडा. आकड्यांसाठी ते जुनी रजिस्टरे घेऊन कोसमटोल्यात घरोघर फिरले होते. कोणत्या कार्डावर कोण तोडायचे, कोणती सून केव्हा आली, कोणती लेक केव्हा लग्न होऊन गेली, सगळे विचारून. आशाबाई कुमोटी, तीन हजार एकशे चाळीस. असे.

हे प्रकरण छापून यावे एवढेच त्यांना हवे होते. बाकीचे पुस्तक लोकांनी तिथवर पोचावे म्हणून लिहिले, असे ते म्हणत.

२०१५ मध्ये पुण्याच्या एका नावाजलेल्या प्रकाशनाकडे त्यांनी हस्तलिखित पाठवले. चौदा महिन्यांनी पत्र आले, आणि ते चांगले होते. लेखन अस्सल आहे, आम्ही छापू इच्छितो, मात्र शेवटची नामावली वाचनीय नाही, ती वगळावी. पत्र वाचून दाखवताना मी वगळावीपर्यंत आलो आणि मला वाटले, हे काही मोठे नाही. मी तसे म्हटलेही. सादिकभाईंनी पत्र माझ्या हातातून घेतले आणि चाकाचे आरे ताणायला बसले. आठवड्याने त्यांनी नकार कळवला. एका नववी शिकलेल्या माणसाने पुण्याच्या प्रकाशकाला नकार कळवला याचे मला तेव्हा हसू आले होते. ते मी इथे नोंदवतो.

२०१७ मध्ये एका दिवाळी अंकात अस्वलाचे प्रकरण छापून आले. सातशे रुपयांचा धनादेश आला. अंक दुकानात तारेला लटकवून ठेवला होता. गिऱ्हाईक हवा भरायला आले की नजर जावी अशा उंचीवर. २०१९ मध्ये नागपूरचे एक वयस्क प्रकाशक नामावलीसकट, पैसे न घेता छापायला तयार झाले. टाळेबंदीत त्यांचा व्यवसाय बंद पडला. २०२१ मध्ये त्यांच्या मुलाने हस्तलिखित एसटीच्या पार्सलने परत पाठवले. एक कोपरा उंदराने खाल्ला होता. मजकूर शाबूत होता.

मग हा तिसरा प्रकाशक, तोही नागपूरचाच. हे लेखकाकडून पैसे घेऊन छापत. पुस्तक फॉर्मच्या हिशेबाने छापतात, सोळा पानांचा एक फॉर्म. तीनशे प्रतींसाठी एका फॉर्मचे ४,१६० रुपये. हस्तलिखित पाहून त्यांनी अंदाज दिला, दहा फॉर्म. दीडशे प्रती लेखकाला, दीडशे प्रकाशकाकडे. हा व्यवहार मी तपासला आणि दर वाजवी आहे असे सांगितले.

तेवीस हजार सादिकभाईंनी स्वतः उभे केले. त्यासाठी दुकानाचा कॉम्प्रेसर विकला. त्यानंतर ते हातपंपाने हवा भरू लागले. नसीमभाभी, त्यांच्या पत्नी, त्या दिवशी डबा घेऊन आल्या आणि मला म्हणाल्या, "भाऊ, तुमीच समजवा याईले. ट्यूबमदी आता किताबानं हवा भरनार हायेत का हे?" सादिकभाई डबा उघडून जेवायला लागले.

उरलेले १८,६०० कोसमटोल्याच्या बायांचे. ते सादिकभाईंनी मागितले नव्हते. ते ग्रामसभेत उभे राहून शेवटचे प्रकरण वाचून दाखवायला गेले होते, छापण्याआधी बायांना ऐकवावे म्हणून. पाच पुड्यांचा भाग आला तेव्हा बाया हसल्या, असे त्यांनी मला सांगितले. सादिकभाईंना वाटले होते कोणी शिवी देईल. आपापले नाव आणि आकडा मात्र सगळ्यांनी कान देऊन ऐकला, काहींनी दोनदा वाचायला लावला. वाचून झाल्यावर आशाबाई उठली. ती साठीची, निरक्षर, ग्रामसभेत सगळ्यात जास्त बोलणारी.

"राशन कार्डावर माहं नाव नवऱ्याच्या खाली, जॉब कार्डावर त्याच्या खाली," ती म्हणाली. "तुह्या किताबात एकटं येत असन तं मी दोनशे देतो."

पाने विकून आलेला त्या हंगामाचा बोनस ग्रामसभेने नुकताच वाटला होता. ९३ जणींनी प्रत्येकी दोनशे दिले.

१२ ऑक्टोबरला नागपूरहून प्रुफांचे पाकीट आले. त्याआधीच प्रकाशकाचा फोन आला होता. प्रेस शुक्रवारपर्यंतच मोकळी आहे, नंतर दिवाळीची सुट्टी, म्हणून प्रत्येक पानावर सही करून आजच स्पीड पोस्टने परत पाठवा. धानोऱ्याच्या पोस्टाची वेळ तीनपर्यंत. पाकीट आले तेव्हा दीड वाजला होता. सादिकभाई गठ्ठा घेऊन माझ्या टेबलाशी बसले आणि सह्या करू लागले.

फडावर सह्या कशा होत हे मला नंतर कळले. हंगामाच्या पहिल्या दिवशी ठेकेदाराचा माणूस कोरे रजिस्टर आणी आणि मुन्शीकडून सगळ्या पानांवर आधीच सह्या घेई. संध्याकाळी दोनशे माणसे मैदानात उभी असताना सहीला सवड नसते म्हणून. आकडे मागाहून भरले जात. पंचवीस वर्षांत सादिकभाईंनी लिहिलेल्या पानाखाली कधी सही केली नव्हती. सही आधी, मजकूर मागून, हाच त्यांच्या हाताचा क्रम होता. त्यांनी त्या दुपारी एकशे एकसष्ट कागदांवर सह्या केल्या, पान उलटायचे आणि उजव्या कोपऱ्यात सही, पान उलटायचे आणि सही. वाचले एकही नाही. वाचायचे ते पुस्तक आल्यावर, सावकाश, नसीमभाभींसमोर, असे त्यांनी ठरवले होते.

"बाबूजी, पानं बरोबर हायेत का, तेवढं पाहून द्या," ते म्हणाले.

मी पाहिले. शेवटच्या पानावर १६० हा क्रमांक होता. सोळा दाहे एकशे साठ. भरलेली रक्कम दहा फॉर्मची. मी म्हटले, बरोबर आहे. वरचा एकशे एकसष्टावा कागद टंकलिखित पत्र होते. प्रत्येक गठ्ठ्यावर एक पत्र असतेच, म्हणून मी ते वाचले नाही. मीच सायकलवरून पोस्टात गेलो. पावती माझ्या फायलीत आहे, दोन वाजून चाळीस मिनिटांची.

८ डिसेंबरला पुस्तकांची खोकी आली. दुकानातच उघडली. सादिकभाईंनी हात रॉकेलने पुसले, मग साबणाने धुतले, मग एक प्रत घेतली आणि शेवटून उघडली. १६० व्या पानावर ठेकेदाराची जीप गावातून शेवटची निघून जाते. त्यानंतर थेट मलपृष्ठ. त्यांनी दुसरी प्रत उघडली. तिसरी मी उघडली.

पत्राची प्रत प्रकाशकाने दुसऱ्या दिवशी फोनवर पाठवली. त्यात स्वच्छ लिहिले होते. मजकूर अकरा फॉर्म होत आहे. आपण दहा फॉर्मची रक्कम भरली आहे. वाढीव ४,१६० रुपये पाठवावेत; तूर्त शेवटचे प्रकरण नामावलीच्या स्वरूपाचे असल्याने ते वगळून पुस्तक दहा फॉर्मांत बसवले आहे. मान्य असल्यास खाली सही करावी. खाली सही होती. प्रकाशक माणूस उर्मट नव्हता. त्यांनी दोनदा वाईट वाटले असे म्हटले. तीनशे प्रती संपल्या की दुसऱ्या आवृत्तीत घेऊ म्हणाले.

४,१६० रुपये माझ्या खिशातून प्रुफे आली त्या दिवशीही निघाले असते. मी तसे सादिकभाईंना सांगितले. सोळा पानांची वेगळी पुस्तिका छापून प्रत्येक प्रतीत घालू, असाही मार्ग सुचवला. ते ऐकून घेत होते. मग म्हणाले की फडावर वादाचे आकडे सुट्या चिठ्ठीवर लिहीत, आणि ठेकेदाराचा माणूस नेमकी तीच चिठ्ठी हरवून येई. बांधलेल्या रजिस्टराचे पान मात्र हरवत नसे. त्या बायांना पुन्हा सुटी चिठ्ठी मी नाही देणार, ते म्हणाले.

पुस्तके वाटण्यासाठी ११ डिसेंबरचा रविवार कोसमटोल्याला आधीच कळवलेला होता. मला वाटत होते ते काहीतरी निमित्त सांगून टाळतील. सकाळी ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून एसटी थांब्यावर उभे होते, शंभर प्रतींचे खोके पायाशी. मी बरोबर गेलो. गाडीत ते एकदाच बोलले. नसीम रात्री जेवली नाही, एवढेच.

समाजमंदिरात सतरंज्या घातल्या होत्या. बाया धुतलेल्या लुगड्यांत येऊन बसल्या होत्या. मुखरू नावाचे ग्रामसभेचे अध्यक्ष होते, त्यांनी नारळ फोडला आणि पुस्तके वाटली. नावे नाहीत हे सांगायला सादिकभाई उठणार तेवढ्यात आशाबाई प्रत घेऊन त्यांच्यापुढे येऊन बसली. तिने उजव्या हाताचे बोट पुढे केले.

"कुठी हाय माहं नाव? बोट ठेवून दे. मले अक्षर नाई समजत, पण जागा ध्यानात ठेवीन."

तिचे बोट तसेच धरलेले होते. सादिकभाईंनी पुस्तक घेतले, मिटले आणि मांडीवर ठेवले.

"नाई आहे, बाई. कोणाचंच नाई. शेवटचं सगळं गेलं," ते म्हणाले. "मी न वाचता सही केली."

मागे बसलेल्यांना ऐकू गेले नाही. कोणी विचारले, कोणी सांगितले, तसे ते ओळीओळीने मागे गेले. आशाबाईने बोट खाली घेतले.

"आमचे पुडे गेले तवाही सही तुहीच होती ना, मुन्शी?"

दोघीतिघी हसल्या. ती स्वतःही हसली. तिच्या बोलण्यात राग नव्हता, ती नेहमीच अशी बोलते. कोणी पैसे मागितले नाहीत, कोणी उठून गेले नाही. मुखरूंनी चहा सांगितला. अन्नपूर्णा नावाची एक तरुण बाई, शिकलेली, पुस्तक शेवटपासून मागे चाळत होती, कुठेतरी चुकून एखादे नाव राहिले असेल म्हणून. सादिकभाई चहाचा कप हातात धरून बसले होते. चहावर साय आली, तरी त्यांनी तो प्यायला नाही.

त्यानंतर पुस्तकाचे कौतुक झाले, आणि तेच सादिकभाईंना जास्त लागले. चंद्रपूरच्या एका दैनिकात परीक्षण आले. त्यात लेखकाला शोषितांचा सच्चा साथीदार म्हटले होते. शेवटचे प्रकरण काढले की पुस्तकात उरतो तो एक भला मुन्शी, ठेकेदाराची जीप पाहून डोळे पुसणारा. पाच पुडे बाजूला करणारा हात त्यात कुठेच नाही. मी ते परीक्षण वाचून दाखवले तेव्हा त्यांनी मध्येच थांबवून विचारले, हे कोणाबद्दल लिहिले आहे?

२५ फेब्रुवारी २०२४ रोजी चंद्रपूरच्या एका साहित्य मंडळाने त्यांना आत्मकथनाचा पुरस्कार दिला. शाल, श्रीफळ, प्रमाणपत्र आणि एक हजार एक रुपये. परीक्षक प्राध्यापक होते. त्यांनी भाषणात पुस्तकाच्या शेवटाचे विशेष कौतुक केले. लेखकाने कुठेही हिशेब मागितलेला नाही, जीप निघून जाते आणि तो थांबतो, हा संयम दुर्मीळ आहे, असे ते म्हणाले. सादिकभाईंना मनोगतासाठी दोन मिनिटे दिली. मी पहिल्या रांगेत होतो. ते माईकपाशी गेले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "मी प्रामाणिक मुन्शी नव्हतो. माझ्या हातानं बायांचे पुडे गेले आहेत." पुढचे बोलायला त्यांनी खिशातून कागद काढला. पण सभागृहाने टाळ्या वाजवल्या. पुष्कळ वेळ वाजवल्या. सूत्रसंचालकाने माईक घेतला आणि इतका विनय आजकाल दिसत नाही असे म्हणून पुढचे नाव पुकारले. कागदावर ९३ नावे होती. परतीच्या गाडीत तो कागद त्यांच्या हातातच होता, आणि नारळ माझ्या मांडीवर.

प्रकाशकाकडे मी दर सहा महिन्यांनी विचारणा करतो. त्यांच्या दीडशेपैकी विकल्या गेल्या एकसष्ट. दुसऱ्या आवृत्तीचा विषय ते काढत नाहीत. मीही आता काढत नाही. सादिकभाईंच्या उजव्या डोळ्याला मोतीबिंदू आहे, शस्त्रक्रियेची तारीख दोनदा पुढे गेली. नवे काही लिहीत नाहीत. मी एकदा म्हटले, सगळे पुन्हा एका वहीत उतरवा, मी टाइप करून घेतो. ते म्हणाले, आता कोण छापतो, बाबूजी.

वर्गणी नावासाठी होती आणि नाव छापले गेले नाही, म्हणून ती परत करायची, हे त्यांनी कोसमटोल्याहून परत येतानाच ठरवले होते. मी समजावले की कोणी मागत नाही. त्यांनी रोजची वीस रुपयांची ठेव याच कामासाठी लावली. पुरस्काराचे हजार त्यातच गेले. महिन्याकाठी तीन-चार जणींचे पैसे जमले की ते किंवा मी गावात जाऊन देतो आणि वहीत अंगठा किंवा सही घेतो. ही वही मी ठेवतो. पान आधी भरतो, मग सही घेतो. बहुतेक बायांनी पैसे गुपचूप घेतले. काहींनी चेष्टा केली की मुन्शीने पहिल्यांदा उलटा हिसाब केला. अन्नपूर्णाने दोनशे घेतले आणि पुस्तक परत दिले.

३० सप्टेंबर २०२५ अखेर नव्वद जणींचे पैसे देऊन झाले आहेत. चैतीबाई मिरची तोडायला तेलंगणात गेली ती दोन वर्षे परतलेली नाही. देवकाबाई मागच्या पावसाळ्यात वारली, आणि तिच्या दोन सुनांपैकी कोणाला द्यायचे हे ठरत नाही. आशाबाई घेत नाही. या तिघींचे मिळून सहाशे रुपये देणे बाकी आहे.